दुसऱ्या माळ्याचं लॉक

बाबा, तीन वर्षांपूर्वी आपल्याकडे सर्व्हिसला असलेल्या एका लिफ्टच्या खड्ड्यात एक बाई पडली. गिरगावातली जुनी बिल्डिंग, चार माळ्यांची, दर माळ्यावर बाहेरून लाकडी दरवाजा आणि जाळी लिफ्टच्या डब्याला. ती बाई तिथं राहणारी नव्हती. दुसऱ्या माळ्यावरच्या मावशीला भेटायला आली होती. निघताना मावशी दारात उभी राहून म्हणाली, "पोचलीस की फोन कर गं." तिने मागे वळून "करते" म्हटलं, लिफ्टचा दरवाजा ओढला, तो उघडला आणि तिने पाऊल आत टाकलं. लिफ्ट तेव्हा चौथ्या माळ्यावर होती. लिफ्ट समोर नसताना दरवाजा उघडता कामा नये, त्यासाठीच त्याला लॉक असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ते लॉक झिजलं होतं. ती वाचली, पण पाठीचा कणा मोडला. वय चौतीस. एका इस्पितळात भूल देणारी डॉक्टर होती.

मला फोन आला तेव्हा मी परळच्या एका टॉवरच्या मशीनरूममध्ये होते. दुपारचे चार वाजले असतील. आपला जुना मेकॅनिक, तुमच्या मिलमधल्या खात्यातला सगळ्यात लहान, ज्याला मिल बंद पडल्यावर तुम्ही आपल्याबरोबर लिफ्टच्या कामाला घेतलंत, तो तिकडून बोलत होता. "ताई, माणूस पडला," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. बाबा, कुठली बिल्डिंग हे त्याने सांगायच्या आधीच माझ्या डोळ्यांसमोर ती बिल्डिंग आली. माळाही तोच. आजूबाजूला चार मोटरी घरघरत होत्या आणि मी एका हाताने कंट्रोल पॅनेलचा पत्रा धरून उभी होते. तो गरम होता, हे हाताला किती तरी वेळाने कळलं.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. चिंचपोकळीचा गाळा अजून तोच आहे, रुळांच्या बाजूला; गाडी गेली की टेबलावरचे स्पॅनर अजून हलतात. लालबागची चाळ पाडून तिथे टॉवर झाला. आपल्या खोलीच्या बदल्यात मिळालेल्या जागेत, सतराव्या माळ्यावर, मी एकटी राहते. आई तुमच्यानंतर सहा वर्षांनी गेली. लग्न मी केलं नाही, करायचं नाही हे तुम्ही होतात तेव्हाच ठरलेलं होतं. काम वाढलं. तुमच्या वेळी तुम्ही, तो मेकॅनिक आणि मी मिळून चौदा लिफ्ट बघत होतो. आता अकरा माणसं आहेत आणि लिफ्ट साठच्या वर. गिरगावातल्या जुन्या बिल्डिंगी आहेत, माझगावच्या सोसायट्या आहेत, आणि मिलच्या जमिनींवर उभे राहिलेले दोन-तीन टॉवरही आहेत. त्यातला एक तुमच्या मिलच्याच जागेवर आहे. ते कंत्राट मिळालं तेव्हा सांगायला घरात कोणी नव्हतं, म्हणून मी तुमच्या फोटोसमोर उभी राहून सांगितलं होतं.

अपघाताच्या आधी, त्या टॉवरमुळेच एक जादा विमा माझ्याकडे आला. तुम्ही विम्याच्या बाबतीत कसे होतात ते मला आठवतं. एजंट आला की त्याला चहा पाजायचात आणि चहा संपला की उठायचात. आताचा एजंट दादरचा, माझ्याच वयाचा, फार न बोलणारा माणूस. टॉवरवाल्यांच्या कंत्राटात एक अट होती, अमुक एका रकमेपर्यंत जबाबदारीचा विमा हवाच. माझ्याकडे होता तो त्याच्या जवळपासही पोचत नव्हता. एजंट गाळ्यावर आला, स्टुलावरचं ग्रीस पेपरने पुसून बसला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या कामामुळे बाहेरच्या माणसाला इजा झाली तर तुमची आत्ताची पॉलिसी पैसे देते. पण तिला मर्यादा आहे. ती संपली की पुढचं सगळं तुमच्या अंगावर."

मी म्हटलं, "माझ्यासारखीवर एवढा मोठा दावा कोण लावणार?"

"तुमच्यासारखी म्हणजे कोण ते कोर्ट बघत नाही. पडलेला माणूस कोण ते बघतं. चांगला कमावणारा माणूस कायमचा अंथरुणाला खिळला, तर तो पुढची तीस वर्षं किती कमावला असता आणि त्याला किती वर्षं सांभाळायला लागेल, असा हिशोब लागतो. आणि तुमची फर्म प्रोप्रायटरी आहे, एकट्या तुमच्या नावावर. म्हणजे गाळा विकून भागलं नाही तर राहतं घरही त्यात येतं."

मग त्याने एका जुन्या चलनाच्या पाठीमागे मला काढून दाखवलं. खाली दोन चौकोन, एक आपल्या लिफ्टच्या कामाचा, एक आपल्या कामगारांचा. त्या दोन्हींवर पसरलेला एक लांब चौकोन. खालची पॉलिसी तिच्या मर्यादेपर्यंत देणार, ती संपली की वरची सुरू होणार. खालची चालू ठेवलीच पाहिजे, ती बंद पडली तर वरचीचा उपयोग नाही. आपलं सामान चोरीला गेलं, गाळ्याला आग लागली, तर त्याच्याशी हिचा संबंध नाही. ही फक्त दुसऱ्याच्या नुकसानीसाठी. निष्काळजीपणा झाला तर चालतं, मुद्दाम केलेलं चालत नाही. नाव काय, तर अंब्रेला. मी म्हटलं, "लिफ्टवाल्याला छत्री कशाला?" तो हसला नाही. मी सही केली ती कंत्राटासाठी. मनात म्हटलं, टॉवरवाल्यांचे चोचले.

आणि माणूस पडला तो टॉवरमध्ये नाही, गिरगावातल्या चार माळ्यांच्या बिल्डिंगीत.

आता जे सांगायचंय ते सांगते. अपघाताच्या नऊ दिवस आधी मेकॅनिकने त्या लिफ्टची सर्व्हिस केली होती. रजिस्टरमध्ये त्याच्या अक्षरात लिहिलेलं आहे, "दुसरा माळा लॉक ढिला. बदलणे." लॉकचं कोटेशन मी त्याच संध्याकाळी सोसायटीला पाठवलं. सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे, मंजुरी घेऊन कळवतो. हे सगळं कागदावर आहे. कागदावर नाही ते एवढंच की मेकॅनिकने तिथूनच मला फोन केला होता. "ताई, दरवाजा जोर लावला तर उघडतोय. बंद करून ठेवू काय लिफ्ट?" मी म्हटलं, "राहू दे रे. चौथ्या माळ्यावर म्हातारी माणसं आहेत, बोंब मारतील. आठवड्याचाच प्रश्न आहे." तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "बरं, ताई."

त्याच गिरगावात, तिथून दोन गल्ल्या सोडून, तुम्ही एकदा लिफ्ट बंद केली होती. मी डिप्लोमा करून नुकतीच तुमच्याबरोबर यायला लागले होते, बाविशीची असेन. लिफ्ट ओढणाऱ्या वायर रोपच्या तारा तुटलेल्या दिसल्या. तुम्ही मेन स्विच पाडलात, मशीनरूमला आपलं कुलूप घातलंत आणि किल्ली खिशात टाकलीत. खाली जिन्यात सगळे जमले. तिसऱ्या माळ्यावरचे एक काका, नुकतंच हृदयाचं दुखणं झालेलं, तुमच्या अंगावर ओरडतायत, "अहो, मी वर चढू कसा? मेलो तर तुम्ही जबाबदार!" तुम्ही शांतपणे म्हणताय, "काका, मी तुम्हाला खुर्चीत बसवून वर नेतो. रोज येऊन नेतो. पण लिफ्ट चालू करणार नाही." आणि नवा रोप येईपर्यंत आठ दिवस तुम्ही आणि मेकॅनिक रोज सकाळी जाऊन त्यांना खुर्चीत बसवून खाली आणत होतात, संध्याकाळी वर नेत होतात. काका खुर्चीत बसूनही तुम्हाला बोलत राहायचे. पुढच्या वर्षी त्या सोसायटीने कंत्राट दुसऱ्याला दिलं. आठ दिवसांतल्या एका संध्याकाळी मी घरी तुम्हाला म्हटलं होतं, एवढं काय, रोप आणखी पंधरा दिवस सहज टिकला असता. आई तांदूळ निवडत होती. तुम्ही जेवणाच्या ताटावरून मान वर केलीत. "तुझ्या आवशीक बसवशीत त्या लिफ्टीत?" मी आईकडे बघितलं. "नाय ना? मगे गप ऱ्हव." त्यानंतर दोन दिवस तुम्ही माझ्याशी कामापलीकडे बोलला नाहीत.

मेकॅनिकलाही ते आठ दिवस आठवत असणार. फोनवर तो गप्प राहिला तेव्हा त्याला तेच आठवलं असेल, असं मला वाटतं. मी त्याला कधी विचारलं नाही. अपघातानंतर दोन महिन्यांनी त्याने गाळ्यात येऊन चाव्या टेबलावर ठेवल्या आणि देवगडला गावी निघून गेला. जाताना म्हणाला, "ताई, तब्येत सांभाळा." त्या फोनबद्दल तो कुणापाशी एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं.

अपघाताच्या संध्याकाळी मी इस्पितळात जायला निघाले होते. पर्स घेतली होती, टॅक्सीला हात केला होता. तेवढ्यात एजंटचा फोन आला. "ताई, कुठे आहात? थांबा. आधी कंपनीला लेखी कळवायचं, आज, आत्ता. आणि तिकडे जाऊ नका."

"अहो, बाई आयसीयूत आहे."

"म्हणूनच सांगतोय. तुम्ही गेलात, रडलात, माफ करा म्हणालात, की झाली कबुली. कंपनीच्या परवानगीशिवाय तुम्ही चूक कबूल करायची नाही, असं पॉलिसीत लिहिलंय. खालच्याही आणि वरच्याही. तुम्ही अट मोडलीत तर दोन्ही कंपन्या हात वर करतील. अकरा माणसं आहेत ना तुमच्याकडे?"

टॅक्सीवाला दार उघडून बघत होता. मी त्याला नको म्हटलं.

पुढची तीन वर्षं मी त्या बाईंना फक्त कागदांत भेटले. दाव्याच्या कागदांत त्यांचं नाव, वय, शिक्षण, पगार, मणक्याचे फोटो. पुढे किती वर्षं नोकरी झाली असती, घरी मदतनीस किती वर्षं लागेल, खुर्ची किती वर्षांनी बदलावी लागेल. एजंट बोलला होता तसंच सगळं. सोसायटीचा वाटा वेगळा ठरला, आमचा वेगळा, आणि आमचा जो ठरला त्याच्या चौथ्या हिश्श्यालाही आपली खालची पॉलिसी पुरत नव्हती. विमा कंपनीने दिलेल्या वकिलांसमोर मी रजिस्टर ठेवलं आणि त्या फोनचंही सांगितलं. काही लपवलं नाही. वकील लिहून घेत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "हा निष्काळजीपणा आहे, मुद्दाम केलेलं नाही. पॉलिसीत बसतं. पण आता हे तुम्ही इतर कुणाकडे बोलायचं नाही." मी मान हलवली. साक्षीपुराव्याची वेळ आली नाही. गेल्या महिन्यात तडजोड झाली. खालच्या कंपनीने तिची पूर्ण रक्कम दिली, उरलेलं वरच्या पॉलिसीने. माझ्या घराला, गाळ्याला, कुणाच्या पगाराला धक्का लागला नाही. एजंटने फोन करून सांगितलं, "ताई, सुटलात." गाळ्यात पोरांनी बटाटेवडे मागवले. मीही एक खाल्ला. त्यांच्या घरच्या चुली चालू राहिल्या, हे खरंच आहे बाबा. ती पॉलिसी नसती तर आज गाळ्याला टाळं असतं आणि त्या बाईंनाही कोर्टाच्या कागदाशिवाय काही मिळालं नसतं, कारण माझ्याकडे द्यायला एवढं होतंच कुठे? त्या विम्याला मी नावं ठेवत नाही. त्याने त्याचं काम केलं.

मग मी वकिलांना विचारलं, आता भेटायला जाऊ का. ते म्हणाले, "आता हरकत काही नाही. पण कशाला?"

आज दुपारी गेले. दादरला राहतात, तळमजल्यावर. आधीचं घर वरच्या माळ्यावर होतं, ते बदललं. काय घेऊन जावं ते सुचेना. फुलं नेववेनात, मिठाई तर नाहीच. शेवटी मोकळ्या हातांनी गेले. दार त्यांच्या आईने उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर त्या दारातच उभ्या राहिल्या. आतून आवाज आला, "येऊ दे गं, आई." त्या खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. समोर लॅपटॉप, आता ऑनलाइन शिकवतात. केस अगदी बारीक कापलेले. फोटोत लांब होते. मी बसले. आई आत जाऊन चहाचं आधण ठेवायला लागल्या, पण त्यांचं लक्ष बाहेरच होतं. भांड्याचा आवाज येत नव्हता.

मी म्हटलं, "मी आधी यायला हवं होतं."

"तुमच्या वकिलांनी येऊ दिलं नसणार. आमच्याही वकिलांनी सांगितलं होतं, कुणाशी बोलू नका."  मग अगदी साधेपणाने, रुग्णाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "लॉक खराब आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं. "नऊ दिवस आधी. माझ्या माणसाने मला फोन करून विचारलं होतं, लिफ्ट बंद करू का. मी नको म्हटलं."

स्वयंपाकघराच्या दारात आई येऊन उभ्या राहिल्या होत्या. हातात चहाची गाळणी तशीच. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्या चिडतील, ओरडतील असं मी धरून चालले होते, गिरगावातले ते काका तुमच्यावर ओरडले तसं. त्यांचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "तीन वर्षं मी स्वतःला विचारतेय, पुढे न बघता पाऊल कसं टाकलं मी. मागे बघून बोलत होते ना. रोज तेच. दरवाजा मीच जोरात ओढला असेन, मीच घाई केली असेन." मग आईकडे बघून म्हणाल्या, "आणि मावशी. ती बोलायचीच बंद झालीय. तिला वाटतं, तिने दारातून मला बोलण्यात गुंतवलं नसतं तर."



"हे तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"पैसे नंतर आले असते तरी चाललं असतं. हे आधी हवं होतं."

आई म्हणाल्या, "चहा होतोय." बाई म्हणाल्या, "नको, आई. त्यांना जाऊ दे. मला मावशीला फोन करायचाय." मी उठले. दारापर्यंत कुणी आलं नाही. बाहेर पडताना त्यांचा आवाज ऐकू आला, "मावशी, मी बोलतेय. ठेवू नकोस, ऐक." पुढचं ऐकायला मी थांबले नाही. तो माझा फोन नव्हता.

लालबागला येईपर्यंत संध्याकाळ झाली. मसाल्याच्या गिरणीपाशी ओळखीच्या बाईंनी विचारलं, "आज लवकर?" मी हसले. वर येऊन चहा केला, प्यायले नाही. कुणाला तरी हे सांगावं असं फार वाटत होतं. मेकॅनिकचा नंबर लावला, पण तिकडे रिंग जायच्या आत ठेवून दिला. त्याला काय सांगणार, तू बरोबर विचारलं होतंस म्हणून? ते तर त्याला माहीतच आहे. मग गाळ्याचं लेटरहेड घेतलं आणि हे लिहायला बसले. तुम्ही असतात तर हे वाचून काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे. बहुतेक काहीच बोलला नसतात, आणि दोन दिवसांनी तुम्ही परत बोलायला लागाल याची मी वाट बघत बसले असते. हे घडी घालून फायलीत ठेवीन, पत्ता लिहिण्यासारखं काही नाही.

एक मात्र लिहून टाकते. मला जाऊ दिलं नाही, असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आले, आज त्या बाईंनीही माझ्या वतीने तेच म्हटलं आणि मी ते म्हणू दिलं. पण त्या संध्याकाळी एजंट "जाऊ नका" म्हणाला आणि टॅक्सी पुढे निघून गेली, तेव्हा बाबा, मला बरं वाटलं होतं.